चाकांवरचं बिऱ्हाड

घरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तीन कुटुंबांचं पाणी बंद केलं. मुद्दाम नाही. हाताची सवय होती, आणि सवय काही डोक्याला विचारून वागत नाही.

कतारमधल्या मुऐदर वस्तीतला हा व्हिला चार भागांत वाटून भाड्याने दिलेला आहे. तळमजल्याचा मागचा भाग आमचा. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर भिंतीवर एक पितळी व्हॉल्व्ह. भांडी घासून झाली की मी दार उघडायची, व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवायची, आत येऊन हात पुसायची. पुन्हा पाणी लागलं की बाहेर जाऊन उघडायची. तो फक्त आमचा नाही, चौघांचं पाणी त्याच्यातूनच जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. म्हणजे माझी भांडी चालू असेपर्यंत सगळ्यांच्या नळाला पाणी, आणि माझी भांडी संपली की वरच्या मजल्यावरचे इजिप्तचे मास्तर डोक्याला साबण लावून कोरडे उभे. प्लंबर दोनदा येऊन गेला. तो यायचा तेव्हा मी नेमकी स्वयंपाकात असायची, व्हॉल्व्ह उघडा असायचा, त्याला काही सापडायचं नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या बायकोने वरच्या खिडकीतून मला रंगेहाथ पकडलं.

संध्याकाळी मास्तर खाली आले. हे नुकतेच कामावरून आले होते. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, छातीवर हात ठेवला आणि सांगितलं की चूक माझी, मीच सकाळी बंद करून जातो, माफ करा. मास्तर भला माणूस, हसत वर गेले. दार लागल्यावर मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पण ह्यांनी एवढंच विचारलं, "अजून तिकडंच हायस काय गो?"

"हाताला सांगायचा राहिला," मी म्हटलं.

मला वाटलं होतं हे हसतील. ते हसले नाहीत. टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

'तिकडं' म्हणजे कॅरॅव्हान. सात वर्षं आम्ही दोघं एका कॅरॅव्हानमध्ये राहिलो. सुट्टीपुरते नाही, बाराही महिने. उत्तरेच्या टोकाला मदिनत अश शमाल, म्हणजे आमच्या तोंडी नुसतं शमाल, त्या गावाबाहेर एका कतारी कुटुंबाचं शेत आहे, खजुरांचं. थंडी सुरू झाली की इथली माणसं वाळवंटात नाहीतर समुद्राकाठी तळ ठोकतात. तंबू येतात, मोठमोठ्या कॅरॅव्हान येतात, शेगड्या, गालिचे, आजी-आजोबा, नातवंडं, सगळं येतं आणि वसंत संपेपर्यंत तिथेच राहतं. ह्या कुटुंबाचा तळ उभारायचा आणि राखायचा, हे ह्यांचं काम. त्यामुळे सगळ्यांच्या आधी आम्ही जायचो आणि सगळ्यांच्या मागून निघायचो. उन्हाळ्यात शेतावर, खजुरांच्या सावलीत. मधल्या दिवसांत मालकांना लहर येईल तिकडे. कधी मासे धरायला पश्चिमेच्या किनाऱ्यावर, कधी पाऊस पडून गेल्यावर जिथे चार काड्या गवत उगवलं असेल तिथे. कागदावर आमचा पत्ता शमालमधल्या मालकांच्या घराच्या मागच्या खोलीचा होता. त्या खोलीत आमच्या दोन ट्रंका राहायच्या.

रत्नागिरीकडे फोनवर मी सांगायची, आम्ही गाडीत राहतो. आईला वाटायचं, जावयाची नोकरी सुटली. नीट समजावून सांगितलं तेव्हा म्हणाली, "म्हंजे विंचवाचा बिऱ्हाड पाठीवर," आणि मग गावातल्या कुणाकुणाच्या लेकी आखातात कशा संगमरवरी फरशीवर चालतात ते सांगत बसली. मूल आम्हाला झालं नाही. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

आता खरं सांगते. त्या कॅरॅव्हानला मी 'डबा' म्हणायची. सकाळी उठल्यापासून तिच्या नावाने खडे फोडायची. वाऱ्याचे दिवस असले की तांदळात वाळू, चहात वाळू, कानात वाळू. पाण्याची टाकी एवढीशी, म्हणून भांडी घासून झाली की व्हॉल्व्ह बंद, नाहीतर पंप थेंबथेंब ओढत राहायचा आणि सकाळी नळ नुसता खोकायचा. ऑगस्टमध्ये एसी बसला की आम्ही दोघं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात. पाहुणा आला तर त्याला बसवायचं कुठे? पलंगावर. आणि आपण बसायचं कुठे? त्याच पलंगावर. दर वर्षी हंगाम संपला की मी एकच वाक्य म्हणायची, "पुढच्या साली मना भिंती होव्या." हे म्हणायचे, इन्शाल्ला. सात वर्षं माझं वाक्य बदललं नाही आणि ह्यांचंही नाही.

आठव्या वर्षी ह्यांचं बदललं. हंगाम संपल्यावर ह्यांनी मालकांशी बोलून तळाचं काम सोडलं आणि मालकांच्या मुलाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काम धरलं. दुकान मुऐदरला, म्हणून घरही मुऐदरला. एक दिवस किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घे तुज्या भिंती." आईने गावात मिठाई वाटली. मी चार दिवस नुसती फरशी पुसत फिरले. फरशी पांढरी होती आणि संपत नव्हती.

आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की मला करमत नाही.

हे मान्य करायलाच मला दोन महिने लागले. आधी वाटलं, अपचन असेल. मग वाटलं, गावाची आठवण असेल. एका सकाळी घावन घालायला तवा ठेवला, तेल सोडलं, आणि तेल तव्याच्या मध्यावर गप्प राहिलं. मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. कॅरॅव्हान नव्या जागी लावली की ती सपाट उभी आहे की नाही हे आम्ही तव्यावर पाहायचो. मी आत तवा तापवायची, हे बाहेर जॅकपाशी वाळूत गुडघे टेकून. तेल दाराकडे धावलं तर मी ओरडायची, "दाराकडं उचला." हे जॅकला दोन आटे द्यायचे. तेल जरा मागे यायचं. "आजून एक." असं करत तेल मध्यावर थांबलं की पहिलं घावन, आणि ते ह्यांचं. कसंही वाकडंतिकडं असलं तरी ह्यांचं. किती ठिकाणी घातलं असेल ते पहिलं घावन, मोजलं नाही. मुऐदरच्या ओट्याला सपाट करायला कुणाची गरज नव्हती. गवंड्याने ते केव्हाच करून ठेवलं होतं. मी गॅस बंद केला आणि त्या दिवशी आम्ही पाव खाल्ला.

निघायच्या दिवशी तर वेगळीच मजा असायची. गाडीला जोडण्याआधी मी आत आणि हे बाहेर, आणि पत्र्याच्या भिंतीतून बोलणं चालायचं. "गॅस?" "बंद." "फ्रीजची कडी?" "लागली." "खिडक्या?" "तीन." "चौथी?" मग मी धावत जाऊन चौथी लावायची. चौथी नेहमी राहायची. शेवटी हे विचारायचे, "अंडी?" अंडी कुठेही ठेवली तरी फुटायची, म्हणून ती पुढे गाडीत माझ्या मांडीवर. तीस अंड्यांचा ट्रे मांडीवर घेऊन मी अर्धा कतार फिरले आहे. रस्त्यात खड्डा आला की हे वेग कमी करायचे, आणि ते माझ्यासाठी नसून अंड्यांसाठी आहे असं सांगायचे.

रुसायला त्यात जागा नव्हती. भांडण झालं तर तोंड फिरवायचं कुठे? फिरवलं तर फ्रीज. फ्रीज उघडायचा तर ह्यांना पाय बाजूला घ्यावे लागायचे, आणि पाय बाजूला घ्या म्हणायचं तर बोलावं लागायचं. अशी आमची सगळी भांडणं त्या फ्रीजने मिटवली. इथे मला दोन खोल्या आणि हॉल आहे. एकदा मी खरंच तीन दिवस रुसले. ह्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. स्वयंपाकघरातून हाक मारली तर आतल्या खोलीत ऐकू जात नाही, म्हणून मी ह्यांना फोन करते, जेवायला या म्हणून. हे येतात, जेवतात, मोबाईल घेऊन परत आत जातात. भांडण नाही, काही नाही. घर मोठं असलं की माणसं आपोआप लांब बसतात.

आणि खिडकी. कॅरॅव्हानला ओट्यासमोर एक खिडकी होती, पुस्तकाएवढी. खिडकी तीच, बाहेरचं मात्र बदलायचं. डाळीला फोडणी देताना कधी समोर ओहोटीचा समुद्र, कधी मालकांचा उंट नाक घासत उभा, कधी नुसती वाळू आणि तिच्यावर रात्रभरात कुणाकुणाच्या पावलांची नक्षी. आता स्वयंपाकघराची खिडकी चांगली मोठी आहे. तिच्यातून कुंपणाची भिंत दिसते आणि शेजाऱ्यांच्या एसीचे डबे. मीच मागितल्या होत्या ना भिंती, घ्या.

हे सगळं मी कुणाला सांगणार होते? आईला? तिने मिठाई वाटली होती. ह्यांना? ज्या माणसाने माझ्यासाठी आपलं मोकळ्यावरचं काम सोडलं, नट-बोल्टच्या दुकानात ट्यूबलाइटखाली उभं राहायचं पत्करलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगणार की मला तुमचं घर नको, माझा डबा परत द्या? सात वर्षं कटकट करायची आणि मिळाल्यावर नाक मुरडायचं. इतकी मी वाईट नाही. म्हणून मी गप्प बसले. त्यात ह्यांची मान आणि पाठ दुखायची. दुकानाजवळच्या माणसांनी सांगितलं म्हणून उन्हाळ्यापासून हे अल मन्सूराला एका दवाखान्यात जाऊन व्यायाम शिकत होते, दर गुरुवारी. मी मनाशी हिशेब केला की दुकानात जड सामान उचलून हे झालं. म्हणजे ह्या घरापायी ह्यांची पाठही गेली. माझी खात्रीच पटली की हेसुद्धा आतून झुरत आहेत आणि माझ्यासाठी बोलत नाहीत. दोघंही एकमेकांसाठी तोंड दाबून बसलो आहोत असं मला वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, त्या विचाराने बरंही वाटायचं.

ऑक्टोबर सरत आला. सकाळी दार उघडलं की हवा अंगाला पोळेनाशी झाली, आणि माझे हात काहीतरी आवरायला शोधू लागले. अशाच एका सकाळी मालकांच्या आईचा फोन आला. सगळे तिला हज्जिया म्हणतात. सत्तरीची बाई, तळावरची खरी मालकीण तीच. कोंबडीच्या भातात मीठ किती हे मला तिने शिकवलं आणि आंबोळी कशी खायची हे मी तिला. तिचं उर्दू आमच्यासारख्यांशी बोलून बोलून तयार झालेलं.

"बेटी, तुम कब आता?" तिने विचारलं.

मला कळेना. ती म्हणाली, तुझा नवरा येऊन बोलून गेला. हंगामापुरतं दुकानातून सुटी मिळेल का विचारत होता. माझ्या नातवाने हो म्हटलं. तुमची कॅरॅव्हान शेतावरच उभी आहे, मी पडदे धुवायला टाकले आहेत. "यल्ला, जल्दी आओ. इधर चाय कोई अच्छा नहीं बनाता."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. मोठ्याने हसले. वरच्या मजल्यावर मास्तरांच्या बायकोला ऐकू गेलं असेल. म्हणजे माझं बरोबर होतं! हे झुरत होते, ह्यांना राहवलं नाही, गुपचूप जाऊन विचारून आले. संध्याकाळी हे आल्यावर मी काही माहीत नसल्यासारखं केलं. पाणी दिलं. मग माझ्याच्याने राहवेना, म्हटलं, "हज्जियाचा फोन आलेला."

हे चपला काढत होते. "मंग?"

"मंग काय? कवा निघायचा?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय तोंड केलं होतं मला माहीत नाही, पण ह्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तू म्हणशील तवा," ते म्हणाले.

त्या आठवड्यात मी कामाला लागले. सगळं घर आवरून ठेवायचं, पाच महिन्यांचं सामान भरायचं. उकडा तांदूळ, आमसुलं, सुका जवळा. हे सगळं अल मन्सूरालाच चांगलं मिळतं, म्हणून गुरुवारी ह्यांच्याबरोबर मीही निघाले. आधी दवाखाना, मग बाजार असं ठरलं. एरवी मी बाहेर गाडीत बसले असते, पण त्या दिवशी उत्साहात होते. म्हटलं, वर येते, तुमचे व्यायाम मलाही कळू देत, तळावर मी करून घेईन.

व्यायाम घेणारी मुलगी फिलिपिन्सची, हसरी, इंग्रजीत बोलणारी. तिने ह्यांना भिंतीला टेकून उभं केलं. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोकं भिंतीला. मग मला म्हणाली, बघा, जूनमध्ये आले तेव्हा ह्यांचं डोकं भिंतीला टेकतच नव्हतं, मध्ये माझी मूठ जायची. आता बघा. मी पाहिलं. डोकं टेकलं होतं. मी विचारलं, सामान उचलून झालं ना हे? ती म्हणाली, नाही नाही, हे वाकून वाकून झालं आहे, फार वर्षांचं आहे. ह्यांनी सांगितलं मला, आधीच्या घराचं छत खाली होतं म्हणून. बरं केलंत तुम्ही घर बदललंत. पुन्हा तसल्या जागी राहायचं नाही हं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला लावून समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

बाजार आम्ही केला नाही. मी गाडीत जाऊन बसले, हे आले, गाडी सुरू केली. सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, "किती खाली होता?"

"काय?"

"छप्पर."

"माज्यापेक्षा मधी दोन बोटां," हे म्हणाले. "दाराकडं चार."

माझी उंची पाच फूट. कशीबशी. त्या कॅरॅव्हानमध्ये मी हात वर करून सगळ्यांत वरच्या फळीवरची बरणी काढायची आणि मला वाटायचं, किती सोयीचं केलंय, सगळं हाताशी. सात वर्षांत मी एकदाही त्या छताकडे वर पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच पडली नव्हती. आणि माझ्याबरोबर त्याच सहा हात जागेत एक उंच माणूस मान खाली घालून चहा पीत होता, मान खाली घालून केस पुसत होता, कपडे घालत होता. बाहेर वाळूत जाऊन हात वर ताणून उभे राहायचे, ते मला वाटायचं, समुद्र बघतात.

"बोललांत नाय कदी?" माझा आवाज चढला होता.

"काय बोलायचा? छप्पर काय उचलता येणार होता?"

"मंग ह्या घराचा? मना सांगितलांत माज्यासाठी घेतला."

सिग्नल सुटला, ह्यांनी गाडी पुढे घेतली. "दोघांसाठी घेतला," म्हणाले. "मान जात नव्हती गो वर. पन तुज्यासाठी घेतला म्हटला की तुना जास्त बरा वाटला."

"आणि परत जायचा का ठरवलांत मंग?"

"तू डब्याला शिव्या घालायचीस," हे म्हणाले, "पन गुणगुणत घालायचीस. हिकडं आल्यापासून गुणगुणत नायस. पाणी बंद केलंस ना, तवा मना समाजला. पाच महिनं तर हायत. काढीन मी."

मी रडले. मला गाडीत रडायला आवडत नाही, चष्मा ओला होतो आणि बाजूच्या गाडीतली माणसं पाहतात. पण रडले. आधी ह्यांचा राग आला, गप्प बसल्याबद्दल. मग स्वतःचा आला, आणि तो अजून गेलेला नाही. मी समजत होते की दोघं एकाच गोष्टीसाठी झुरत आहोत. झुरत होते मी एकटीच. हा माणूस घरात आल्यापासून पहिल्यांदा ताठ उभा राहून नळाखाली डोकं धरत होता, आणि मी त्याच्या आंघोळीच्या खोलीचा दिवा उगाच जळतो म्हणून बोलत होते. तरीही माझी ती इच्छा गेली नाही, हे सगळ्यांत वाईट. मुऐदरच्या वळणावर येईपर्यंत माझ्या मनात एक कोपरा म्हणतच होता, पाच महिने तर आहेत, ते स्वतःच म्हणाले, काढीन. हो म्हण. मला तो कोपरा स्पष्ट ऐकू येत होता. मी इतकी चांगली बाई नाही की तो ऐकू येऊ नये.

घरी आल्यावर हे भिंतीला टेकून व्यायामाला उभे राहिले आणि मी हज्जियाला फोन लावला. ह्यांच्यासमोरच लावला, म्हणजे मला पळता येणार नाही. म्हटलं, हज्जिया, आम्ही येणार नाही. ती म्हणाली, पडदे धुतले आहेत. मी म्हटलं, माहीत आहे, पण ह्यांची मान. छत खाली आहे. आम्ही घरीच बरे.

"उसका गर्दन?" ती म्हणाली. "अच्छा." मग, "मेरा शौहर का घुटना भी मेरेको बाद में मालूम पड़ा." तिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली आहेत. मग लगेच मालकिणीच्या आवाजात म्हणाली की दुसरं माणूस बघते, शुक्रवारी येऊन तुमचं राहिलेलं सामान घेऊन जा, चहा मात्र करून द्यायचा. खलास.

हे भिंतीपासून हलले नव्हते. "कशाला नाय म्हटलास?" विचारलं.

"मना कंटाळा आला त्या डब्याचा."

"खोटा बोलतंस."

"हो," मी म्हटलं. "मना त्याची आठवण येते. रोज येते. म्हातारी होईपर्यंत येईल, आणि मी तुमाला रोज सांगणार. ऐकायला लागंल."

"ऐकीन," हे म्हणाले. टाचा अजून भिंतीलाच होत्या.

शुक्रवारी नमाजनंतर आम्ही शमालला निघालो. वाटेत तळाकडे चाललेल्या गाड्या लागत होत्या, मागे कॅरॅव्हान, टपावर दोरीने बांधलेले गालिचे. एकेक पुढे गेली की मी मान वळवून पाहत होते. हेही मला पाहू देत होते, वेग वाढवत नव्हते. शेतावर पोचलो तेव्हा हज्जिया खजुराखाली खुर्ची टाकून बसली होती. तिला चहा करून दिला. तिने पिऊन मान हलवली आणि हाताने कॅरॅव्हानकडे खूण केली.

ती तिथेच होती, नेहमीच्या जागी, एका बाजूला जराशी कललेली. धुतलेले पडदे खिडकीत लागले होते. आत माझी विळी होती, एक पातेलं, ह्यांची जुनी जॅकेटं, पलंगाखाली लोणच्याची बरणी. एप्रिलमध्ये मी ते सगळं मुद्दाम मागे ठेवलं होतं, हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. सामान सुटंसुटं होतं, दोघांनी मिळून बाहेर काढलं असतं तर दोन फेऱ्यांत झालं असतं.

किल्ली ह्यांच्याकडे होती. ते पुढे झाले, कुलूप काढलं, दार ओढलं आणि पायरीवर एक पाय ठेवला. पाय ठेवल्याबरोबर ह्यांची मान खाली गेली. दार अजून हातभर लांब होतं, डोक्याला लागण्यासारखं काही नव्हतं, तरी मान खाली गेली आणि खांदे आत ओढले गेले.

मी मागून ह्यांचा सदरा धरला.

"तुमी आत येव नका," मी म्हटलं. "बाहेरच उभे ऱ्हवा. मी आणतंय."